उन्हाची काच आणि रॉकेलचा डबा

श्रीहरीची काच पाहायला सकाळपासून लोणाऱ्यांच्या अंगणात रीघ लागली होती. लोक आले होते श्रीहरीच्या बापाच्या, देवाजीच्या, पहिल्या पुण्यस्मरणाला, पण अंगणात काही नवं दिसलं की गेलेल्या माणसाचा फोटो कोण पाहत बसतं! दोन हात लांब, एक हात रुंद अशी ती निळसर काच खाटेला टेकवून ठेवली होती. तिच्या मागून दोन वायरी निघून खिडकीतून आत गेल्या होत्या, आणि आत कोनाड्यात, बसच्या ड्रायव्हरसमोर असतो तसला चिमुकला पंखा फरफर फिरत होता. बॅटरी नाही, रॉकेल नाही, आवाज नाही, नुसत्या उन्हावर. पोरं काचेवर हात धरत, पंखा मंदावला की ओरडत, आणि श्रीहरी त्यांना हाकलून हाकलून दमला. काच त्याची नव्हती. चंद्रपूरच्या ज्या आयटीआयमध्ये तो वायरिंग शिकवायचा, तिथून त्यानं ती सही करून आणली होती. शेवटी कंटाळून त्यानं ती उचलली आणि शिडी लावून गोठ्याच्या कौलांवर नेऊन ठेवली.

विहिरीपाशी खुशालचा जनरेटर उभा होता. श्रीहरीच्या या थोरल्या भावाचं ब्रह्मपुरीच्या बस स्टँडमागं बिछायत केंद्र होतं. सतरंज्या, कनाती, ट्यूबलाइट, भोंगे, आणि नाटकांच्या मोसमात गावोगाव भाड्यानं जाणारे तीन जनरेटर. त्यातला सगळ्यात लहान, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा, त्यानं धुऊनपुसून आणला होता. नवरदेवासारखा चकचकीत केला होता म्हणा ना.

ठरायचं एवढंच होतं, की केसरच्या उपकेंद्रात उजेड कशाचा पाडायचा. केसर या दोघांच्या मधली बहीण. एटापल्लीच्या पुढं, तोडेवाहीला, आठ वर्षांपासून नर्स. तिथं वीज नाही, आणि बाळंतिणी काही विजेची वाट पाहत नाहीत. गेल्या पावसाळ्यात तिनं एका पहिलटकरणीला टाके घातले ते टॉर्च दातात धरून. तिनं हे सहज बोलताना सांगितलं होतं, पण त्यांच्या आईनं, बायनाबाईनं, त्याच दिवशी ठरवून टाकलं: देवाजीच्या रेल्वेच्या फंडातून उजेडाचं दान करायचं. आज दुपारी भंतेजी येणार, वंदना होणार आणि दान जाहीर होणार. पण दान कशाचं, काचेचं की जनरेटरचं, हे पंगत बसली तरी ठरत नव्हतं.

"बारा हजार!" खुशाल पत्रावळीवरून मान वर करून म्हणाला. "काच, बॅटरी, तीन ट्यूब, अन् बारा हजार! माहा जनरेटर साडेतीन हजारात जाते. तेबी घरचा म्हनून."

"घरचा हाय तं फुकट काऊन नाई देत भाऊ?" श्रीहरीनं विचारलं.

उत्तर अंजनाबाईनं दिलं. खुशालची बायको भाताचं भगोणं घेऊन पंगतीतून फिरत होती. "फुकट देऊ तं खाऊ काय भाऊजी? तुमाले महिन्याच्या महिन्याले पगार भेटते. आमाले लगीनसराई भेटते, तेबी भेटली तं."

"वयनी, जनरेटर स्वस्त हाय, मी नाई म्हनत नाई. पन तो खाते किती ते पाहा ना! तासाले पाऊन लिटर रॉकेल. सुरू करायले पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं, प्लग वेगळा. रोज तीन तास चालवला तरी महिन्याले साठ-सत्तर लिटर, अन् ते सारं इथून तिथी न्यायचं भाडं. तीन वर्षांत भाऊचा जनरेटर माह्या काचेच्या बरोबरीले येते. तिथून पुढं तो महागच होत जाते. ऊन काई भाव वाढवत नाई."

खुशाल शिकला नव्हता फार, पण भाड्याच्या धंद्यात मुरलेला माणूस होता. समोरचा काय सांगत नाही ते त्याला आधी ऐकू येई.

"अन् तुही बॅटरी? ते काय जनमभर टिकते?"

"चार-पाच वर्षं."

"मंग?"

"मंग नवी."

"कितीची?"

"दोन हजार."

"बारा हजारात धरली हायस का ते?"

श्रीहरीनं वरण कालवलं. "नाई," तो म्हणाला.

"पाहा!" खुशालनं पंगतीकडं पाहिलं. "अन् श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाई तिथी. तवा?"

"उजेड कमी होते. बंद नाई होत."

"अन् बिघडली तं? माहा जनरेटर बिघडला तं आलापल्लीचा कोनताबी मिस्त्री खोलते. तुह्या काचेचा मिस्त्री कुठी भेटते?"

"चंद्रपूरले."

"म्हनजे तू."

"म्हनजे मी."

"मंग झालंच कल्यान!" खुशाल हसला आणि सगळी पंगत हसली. श्रीहरी सख्ख्या भावाच्या लग्नात, लग्न लागून वरात दारी परतल्यावर पोचला होता, हे वस्ती अजून विसरली नव्हती. श्रीहरीही हसला, पण त्याला ते लागलं. काचेबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्यावर सगळे विश्वास ठेवत होते. विश्वास नव्हता तो त्याच्यावर. आणि तो नव्हता हे बरोबरच होतं.

केसर एका कडेला खाली मान घालून जेवत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर विहाराच्या कमिटीचे नथ्थूकाका सुपारी कातरत म्हणाले, "अरे, तोंडानं काऊन भांडता? दोन्ही चालवून दाखवा. भंतेजी यायच्या आत मोकळे व्हा."

मग सगळे आधी खोलीत गेले. श्रीहरीनं पंख्याला वायरी जोडल्या. पंखा हलला नाही. त्यानं वायरी उलट्या केल्या, पाती बोटानं फिरवून पाहिली, टोकं दातानं सोलून पुन्हा पिळली. पंखा ढिम्म. बाहेर तर उन्हाचा चटका बसत होता.

"संपलं वाटते ऊन," खुशाल म्हणाला. "भरून आनू का डबाभर?"

श्रीहरी लाल होऊन शिडीकडं धावला. कौलांवर चढला आणि वरूनच ओरडला, "माय! हे लुगडं कोनाचं?"

काचेवर बायनाबाईचं जुनं लुगडं चौपदरी घडी करून अंथरलं होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा होत्या.

"माहंच हाय बावा," बायनाबाई खालून म्हणाली. "एवढ्या उन्हात ठेवली तुनं, तडकली मंग? पराया मानसाची वस्तू."

अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. श्रीहरीनं कपाळावर हात मारला, लुगडं काढलं, आणि आत पंखा फिरू लागला. "म्हातारीनं बिचारीनं काळजीनं केलं," बाया म्हणाल्या. हसली नाही ती अंजना. सासूला ती पंधरा वर्षं ओळखत होती. मिरच्या वाळत घातल्यावर सावली वीतभर सरकली तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई! सकाळपासून श्रीहरी दहा जणांना सांगत होता की काचेला ऊन लागतं, आणि हिला तेवढं कळलं नाही? दुधीच्या वेलासाठी शिडीवर चढणं तिच्या सवयीचं होतं, ते ठीक. पण चार विटा वर नेणं म्हणजे चार खेपा झाल्या. अंजना काही बोलली नाही. न बोललेलं पुढं कामाला येतं असा तिचा अनुभव होता.

मग जनरेटर. खुशालनं दोरी गुंडाळली आणि एका हिसक्यात ओढली. भकाभका धूर निघाला, कोंबड्या कुंपणावरून पलीकडं गेल्या, आणि विहिरीवर लटकवलेला शंभराचा बल्ब भर उन्हातसुद्धा डोळ्यांत भरला. लोकांनी माना डोलावल्या. आवाज येतो त्या यंत्रावर माणसाचा भरवसा लवकर बसतो.

"आता केसरबाईले ओढू दे," नथ्थूकाका ओरडून म्हणाले. "चालवायचं तिलेच हाय ना."

खुशालनं यंत्र बंद केलं. केसरनं पदर खोचला. पहिल्या हिसक्याला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला जनरेटर सुरू झाला.

"हाव! जमते ना!" खुशाल खूश झाला.

केसरनं खटका दाबून तो बंद केला. पुन्हा दोरी गुंडाळली. मग डावा हात पाठीमागं घेतला आणि एकट्या उजव्या हातानं ओढू लागली. यंत्र सरकलं, कलंडायला आलं, सुरू झालं नाही. ती ओढतच राहिली.

"अवो, दोन्ही हात लाव ना! एका हातानं काऊन ओढून राह्यली?"

"दुसऱ्या हातात लेकराचं डोकं राह्यते भाऊ," केसर धापा टाकत म्हणाली. "तिथी मी एकटी राह्यतो. टॉर्चचा सेल उतरला, की मी बाई सोडून आंगनात दोरी ओढाले येऊ का?"

"मंग आधीच चालू करून ठेवायचा."

"पह्यलटकरीन दोन-दोन दिवस कळा देते. किती रॉकेल जाळू?"

खुशालनं तिच्या हातून दोरी घेतली आणि गुंडाळून ठेवली. पंगतीत बसून महिन्याच्या साठ-सत्तर लिटरचा हिशेब मांडणाऱ्या श्रीहरीनंसुद्धा हे धरलं नव्हतं.

नेमकी तेव्हा अंजना पुढं झाली. "अन् हे रॉकेल दर महिन्याले नेईन कोन?"

"खुशाल नेईन," बायनाबाई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

"हे? भर लगीनसराईत? अन् नाटकाच्या दिवसात? धंदा कोन पाहीन?"

"जाऊन यायले दोन दिवस लागते. दोन दिवसांत धंदा बुडत नाई."

अंजनानं सासूकडं पाहिलं, विहिरीपाशी उभ्या साडेतीन हजारांकडं पाहिलं, आणि मनातल्या मनात महिन्याचे दोन दिवस वर्षाला किती होतात ते मोजलं. "मले वाटते, भाऊजीची काचच बरी," ती म्हणाली.

खुशाल थक्क झाला. "तू कोनाच्या बाजूची हायस बाप्पा?"

"माह्या घराच्या," अंजना म्हणाली आणि उष्टी भांडी गोळा करू लागली.

बायनाबाई तरातरा चुलीकडं निघून गेली. तिच्या मागोमाग केसर गेली.

स्वयंपाकघरात धूर होता. बायनाबाई चुलीतली लाकडं उगीच मागंपुढं करत होती. तिला ठाऊक होतं आता काय येणार ते. ही पोरगी बापासारखी, आवाज न चढवता विचारणारी.

"माय, काच काऊन झाकली?"

"सांगतलं ना. तडकीन म्हनून."

"माय."

बायनाबाईनं लाकूड खाली टाकलं. "मले समजते वो त्या काचेले ऊन लागते ते! येडी नाई मी. लागू नोको म्हनूनच झाकली. चालली नाई तं सारे म्हनतीन, आना जनरेटर. त्याले रॉकेल लागते. रॉकेल घेऊन कोनाले तरी तुह्याकडं या लागते. त्या काचेले कोन लागते? कोनीच नाई! एकडाव ठेवली का झालं. मंग तुह्या दारात कोन येईन?"

केसर भिंतीला टेकून खाली बसली.

"तुहा बाप दर महिन्याले कंदिलाच्या रॉकेलचा डबा घेऊन जात होता," बायनाबाई म्हणाली. आता तिचा आवाज फाटला होता. "मी म्हनो, म्हातारा झाला, आता राहू द्या. तं म्हने, रॉकेल नाई गेलं तं पोरगी अंधारात बशीन. त्या डब्याच्या निमित्तानं तू डोळ्यांनी दिसत होतीस आमाले. तू जेवतेस का, वाळलीस का, ताप येते का, सारं मले येऊन सांगे. तो गेला तं डबा ट्रकवाल्याच्या हाती जाते. ट्रकवाला काय सांगीन मले?"

बापाचं ते येणं केसरलाही आठवत होतं. वर्षभर तिनं हे कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटलं तर रडू येईल, आणि रडलं तर सगळे म्हणतील बदली मागून घे, ये परत, कशाला त्या जंगलात मरतेस. तिला परत यायचं नव्हतं. तिथल्या बाया आता तिचं ऐकत होत्या, कळा सुरू झाल्या की आपणहून येत होत्या. पण संध्याकाळी रस्त्याकडं पाहायची सवय सुटत नव्हती, हेही खरं.

"माय, मले वाईट वाटते. लय वाटते," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून माह्या घरात आपल्या घरचं मानूस जेवलं नाई. पन उजेड मी माह्यासाठी नाई मांगत. त्या बायांसाठी मांगून राह्यलो. मानूस यावं म्हनून त्याइले धुरात अन् अंधारात ठेवू का मी? ते नाई होत माह्याच्यानं."

दारात खुशाल उभा होता. भंतेजी कोपऱ्यावर दिसले हे सांगायला आला होता, आणि काच झाकल्यापासूनचं सगळं त्यानं ऐकलं होतं.

"म्हनजे रॉकेल नसलं तं मी माह्या बहिनीकडं जानार नाई, असं वाटते तुले माय?"

"तू किती डाव गेलास वर्षभरात?"

"डबा कवा चुकला का? बांबूच्या ट्रकवाल्याले दर महिन्याले देतो. पोचते ना वो केसर?"

"पोचते भाऊ."

"डबा पोचते," बायनाबाई म्हणाली. "तू कुठी पोचतेस?"

खुशाल वाईट माणूस नव्हता. बहिणीला रॉकेल कमी पडू दिलं नव्हतं, दिवाळीला लुगडं पाठवलं होतं, त्या ट्रकवाल्याला दर वेळी चहापाणी दिलं होतं. आपण सगळं करतो आहोत असंच त्याला वर्षभर वाटत होतं. "येत जाईन ना मी," तो म्हणाला. "काच घ्या, जनरेटर घ्या, मी येत जाईन."

"हाव," बायनाबाई डोळे पुसत म्हणाली. त्या 'हाव'मध्ये काडीचाही विश्वास नव्हता. असं येत जाईन म्हणणारी माणसं तिनं आयुष्यभर पाहिली होती.

बाहेर भंतेजी आले. सतरंज्या अंथरल्या गेल्या, मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहिली गेली. त्रिशरण, पंचशील, मग वंदना. देवाजीच्या फोटोला हार घातला. भंतेजी थोडकं बोलले, देवाजीनं रेल्वेच्या गँगमध्ये लाइन सांभाळली तसं घर सांभाळलं असं म्हणाले, आणि मग नथ्थूकाका उभे राहिले.

"आता लोणारे परिवाराकडून दान जाहीर होईन. बोल खुशाल, काय ठरलं?"

खुशाल उठणार तोच बायनाबाई उठली. या वस्तीत दान जाहीर करायला बाया सहसा उठत नसत. उठू नये असं काही नव्हतं, पण उठत नसत. तिनं पदर सारखा केला आणि हात जोडले.

"देवाजी लोणारे याइच्या नावानं," ती म्हणाली, "तोडेवाहीच्या दवाखान्याले उन्हाच्या काचेचा पुरा संच. बॅटरी, तीन ट्यूब. चार-पाच वर्षांनी बॅटरी जाते, तिचेबी दोन हजार आत्ताच बाजूले ठेवतो. लावून देईन श्रीहरी."

श्रीहरीनं मान वर केली. खुशालनं सुटकेचा श्वास सोडला. साडेतीन हजार गेले, पण भांडण तर मिटलं. दान मान्य झालं म्हणून नथ्थूकाकांनी 'साधू' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा भाऊ, झालं नाई माहं," बायनाबाई म्हणाली. "अन् दुसरं दान. आमचा खुशाल दर महिन्याले एक डाव केसरच्या घरी जाईन, तिथी जेवीन, एक रात राहीन, अन् मले येऊन सांगीन. बाराही महिने. रिकाम्या हातानं गेला तरी चालीन. हेबी त्याच्या बापाच्या नावानं."

असलं दान आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नथ्थूकाकांनी भंतेजींकडं पाहिलं. भंतेजी म्हणाले, "वेळ देणं हेही दानच आहे, उपासिके. पण देणाऱ्यानं स्वखुशीनं दिलं पाहिजे." आणि त्यांनी खुशालकडं पाहिलं.

भंतेजींनी पाहिलं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. खुशालनं अंजनाकडं पाहिलं. अंजनानं आधी डोळे मोठे केले. मग नणंदेकडं तिची नजर गेली. केसर ओठ घट्ट दाबून जमिनीकडं पाहत होती, हातातलं फूल चुरगळत होती. अंजनानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "हाव म्हना ना आता," ती पुटपुटली. "सारी वस्ती पाहून राह्यली."

खुशालनं हात जोडले. "हाव," तो म्हणाला.

"साधू! साधू! साधू!" सगळं अंगण एकदम म्हणालं. उसन्या पैशाचा शब्द माणूस फिरवू शकतो, पण भंतेजींसमोर तीनदा साधू झालेला दानाचा शब्द फिरवल्याचं वस्तीत कुणाला आठवत नव्हतं. बायनाबाईला ते पक्कं ठाऊक होतं. ती शांतपणे खाली बसली.

लोक पांगू लागले. श्रीहरी काच गोणपाटात गुंडाळायला लागला. खुशालनं सतरंज्या झटकून घड्या घालायला घेतल्या. धंद्याची सवय, दुसऱ्यानं घातलेली घडी त्याला पटत नसे. केसर दुसरं टोक धरायला पुढं झाली. दोन-तीन सतरंज्या झाल्यावर खुशालनं विचारलं,

"एटापल्लीहून पुढं तुह्या गावाले कोनती गाडी लागते वो?"

केसरनं त्याच्याकडं पाहिलं. आठ वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"गाडी नाई भाऊ. ट्रकबी नाल्यापाशीच थांबते, त्याच्या पार रस्ताच नाई. पायी या लागते."

"किती?"

"दोन कोस."

खुशालच्या हातातलं टोक खाली आलं. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर त्यानं कितीतरी वेळा बापाचा डबा बसवर चढवून दिला होता. तो भरलेला डबा एका हातानं उचलताना त्याची स्वतःची कंबर धरे. पुढं तो डबा कुठं उतरतो आणि कोण उचलतो, हे त्यानं बापाला कधी विचारलं नव्हतं.

"बाबा पायी येत होता?"

"हाव."

"डबा घेऊन?"

"डोक्यावर," केसर म्हणाली, आणि वर्षभर आवरून धरलेलं रडू तिला तिथं, अर्धी घडी घातलेल्या सतरंजीसमोर, सगळ्यांदेखत फुटलं. खुशाल सतरंजी टाकून तिच्याजवळ गेला. तो नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं तोही रडू लागला.